चित्रकलेचा तास : पेन्सिल, कात्री आणि खळ

शाळेच्या वेळापत्रकांत चित्रकलेचा तास बहुधा दिवसाच्या अखेरीस असतो. गणित, इंग्रजी, शास्त्र हे विषय ताज्या मेंदूसाठीं राखून ठेवावे आणि मुलें दमलीं म्हणजे त्यांच्या हातीं रंगपेटी द्यावी, अशी ही योजना आहे. परीक्षा जवळ आली कीं हा तास दुसर्‍या विषयाला उसना दिला जातो, आणि उसना दिलेला तास परत आल्याचें कोणास स्मरत नाहीं. पालकांचीही याबद्दल सहसा तक्रार नसते. चित्रकला ही उपजत देणगी आहे. ज्याला येते त्याला येते, ज्याला येत नाहीं त्याला शिकवून येत नाहीं, ही समजूत घरोघरीं दृढ झालेली आहे. मग जी गोष्ट शिकवून येत नाहीं तिच्या तासासाठीं हळहळावें कोणीं?

प्रस्तुत लेखांत या समजुतीचाच थोडा विचार करावयाचा आहे. चित्र काढणें हें मुख्यतः डोळ्याचें शिक्षण आहे, हाताचें त्या मागून. आणि डोळ्याला शिकवितां येतें, असें आमचें म्हणणें आहे. तें पडताळून पाहाण्यासाठीं एक तांब्या, जुन्या वर्तमानपत्राचें एक पान आणि वाटीभर खळ एवढें साहित्य पुरेसें आहे.

इयत्ता पांचवीपासून आठवीपर्यंतचीं वर्षें या दृष्टीनें फार नाजूक असतात. लहान मूल चित्र काढतांना कोणासही भीत नाहीं. त्याची आई घरापेक्षां उंच असते, सूर्याला डोळे व मिशा असतात, आणि भिंतीच्या आड बसलेलीं माणसें बाहेरून स्वच्छ दिसतात. यांत त्याला कांहींच चुकीचें वाटत नाहीं. कारण तें दिसणारें जग काढीतच नसतें, ठाऊक असलेलें जग काढीत असतें. दहाव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास मात्र त्याच्या मनांत एक परीक्षक येऊन बसतो. आपला घोडा घोड्यासारखा नाहीं, आपल्या माणसाचे हात केरसुणीसारखे दिसतात, हें त्याला कळूं लागतें. तें सुधारावें कसें, हें मात्र कळत नाहीं. व्हिएन्नाहून अमेरिकेंत गेलेले कलाशिक्षक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मुलांच्या चित्रांचे टप्पे सांगितले आहेत. त्यांत नवव्या वर्षापासून पुढें येणार्‍या टप्प्याला त्यांनीं वास्तवाची जाणीव उजाडण्याचा काळ म्हटलें आहे. जाणीव आली आहे आणि साधन आलें नाहीं, अशा या संधिकालांत ज्या मुलाला कोणी हात देत नाहीं, तें एके दिवशीं वही मिटून म्हणतें, "मला चित्र येत नाहीं." पुढें तें मोठें होतें, वकील होतें, व्यापारी होतें, पण त्याची चित्रकला त्या दिवशीं जेथें थांबली तेथेंच राहाते. पालकांनीं आजच एक कोंबडी काढून पाहावी. ती बहुधा त्यांच्या सहावीच्या वहींतलीच कोंबडी असेल.

अशा मुलाला सामान्यतः जी मदत मिळते ती म्हणजे एक तयार नमुना. तीन त्रिकोणी डोंगर, दोहोंच्या मधून उगवणारा सूर्य, तेथून निघून रुंद होत येणारी नदी, कांठीं एक झोंपडी, तिच्याशेजारीं वांकलेला माड आणि आकाशांत इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे चार पक्षी. हा देखावा महाराष्ट्रांतील किती वह्यांमध्यें असेल, याची गणती करणें कठीण आहे! कल्याण-डोंबिवलीच्या कित्येक घरांच्या गच्चीवरून मलंगगड दिसतो. त्याच्या माथ्यावरील सुळक्याची आणि तुटलेल्या कड्यांची रेघ एकदां पाहिलेला मनुष्य सहसा विसरत नाहीं. तिकडे ठाण्याच्या मुलाला येऊरच्या डोंगराची लांब, सपाट होत गेलेली धार रोज दिसते. पण दोन्हीं शहरांतील मुलें वहींत काढतात ते डोंगर तेच तीन त्रिकोण. नमुन्यानें मुलाची लाज झांकली जाते, हें खरें. पण खिडकीबाहेर पाहाण्याची गरजही संपते.

आतां तांब्याकडे वळूं.

वर्गांत टेबलावर एक तांब्या ठेवावा आणि मुलांना तो काढावयास सांगावें. बहुतेक मुलें तांब्याचें तोंड जवळजवळ पूर्ण गोल काढतात आणि बूड पट्टीनें कापल्यासारखें सरळ काढतात. यांत हाताचा दोष नाहीं. तोंड गोल आहे हें त्यांना ठाऊक आहे. टेबल सपाट आहे, तेव्हां त्यावर बसणारें बूडही सपाट, हेंही ठाऊक आहे. म्हणजे मुलगा तांब्याकडे पाहून नव्हे, तर तांब्याविषयींच्या आपल्या माहितीकडे पाहून चित्र काढीत असतो. डोळ्याला दिसतें तें याहून निराळें असतें. तांब्या डोळ्याच्या पातळींत धरला तर त्याचें तोंड ही केवळ एक आडवी रेषा दिसते. तो जसजसा खालीं न्यावा, तसतशी ती रेषा उघडत जाऊन तिचें लंबवर्तुळ होतें. आणि पायाशीं ठेवून उभ्यानें वरून पाहिलें कीं तें जवळजवळ पूर्ण वर्तुळ होतें. टेबलावरील तांब्याचें बूड हें तोंडाच्या मानानें डोळ्याच्या पातळीपासून अधिक खालीं असतें. यावरून असें निघतें कीं बुडाची गोलाई तोंडाच्या गोलाईपेक्षां, रुंदीच्या मानानें, थोडी अधिकच उघडी दिसली पाहिजे. मुलें सरळ रेघ मारतात ती नेमकी याच ठिकाणीं, आणि म्हणूनच त्यांचा तांब्या टेबलावर बसण्याऐवजीं हवेंत लटकल्यासारखा वाटतो. तसेंच, या लंबवर्तुळाच्या दोन्हीं बाजू होडीच्या टोंकासारख्या अणकुचीदार कधींही नसतात. वळण कितीही आवळलें तरी तें वळणच राहातें.

ज्यांना याची खातरी पटत नसेल त्यांनीं कांचेचा पेला अर्धा पाण्यानें भरावा. त्यांत एकाखालीं एक तीन वर्तुळें आहेत : कांठाचें, पाण्याचें आणि तळाचें. पेला हळूहळू डोळ्यांच्या दिशेनें उचलावा. आधीं कांठाचें वर्तुळ मिटून रेषा होईल, त्या वेळीं पाण्याचें थोडें उघडें असेल आणि तळाचें त्याहून अधिक. आणखी वर न्यावा, म्हणजे पाण्याचें मिटेल आणि कांठ खालच्या बाजूनें उघडूं लागेल. हा प्रयोग जेवणाच्या पाटावर बसून करतां येण्यासारखा आहे. त्यास ना खर्च ना शिक्षक.

माप घेण्याची रीत याहून सोपी आहे. हात कोपरांत न वांकवितां पेन्सिल उभी धरावी, एक डोळा मिटावा, आणि तांब्याची उंची पेन्सिलीवर अंगठ्यानें धरून तीच पेन्सिल आडवी करून रुंदीशीं ताडून पाहावी. किती इंच, हा प्रश्न येथें नाहींच. रुंदी उंचीच्या किती पट, एवढाच प्रश्न आहे. हात वांकला कीं माप चुकतें, म्हणून कोपर ताठ.

या सर्वांहून उपयुक्त, पण क्वचितच सांगितली जाणारी युक्ति म्हणजे वस्तु न काढतां वस्तूभोंवतालची रिकामी जागा काढणें. चहाच्या कपाचा कान काढावयाचा झाला तर मुलें दोन समांतर वांकड्या रेघा ओढतात आणि त्या नेहमीं फसतात. त्याऐवजीं कान व कप यांच्यामध्यें जी लहानशी पोकळी दिसते तिचा आकार पाहावा. ती कधीं चिंचोक्यासारखी असते, कधीं अर्ध्या पानासारखी. त्या पोकळीचें नांव मुलाला ठाऊक नसतें, तिचा नमुना त्याच्या डोक्यांत नसतो. म्हणून ती जशी दिसते तशीच काढण्यावांचून त्याला गत्यंतर नसतें. पोकळी बरोबर आली कीं कान आपोआप बरोबर येतो. खुर्चीचे पाय, सायकलीचा सांगाडा, कमरेवर हात ठेवून उभा असलेला मनुष्य, या सर्वांस हाच मार्ग लागू पडतो.

येथपर्यंत पेन्सिल पुरते. पण पेन्सिलीचा एक दुर्गुण आहे : तिच्या मागच्या टोंकाला रबर असतें. भित्रें मूल एक रेघ ओढतें आणि तीन वेळां खोडतें. कागद फाटतो, धीर सुटतो. दुसरें असें कीं, रेघ ही वस्तूच्या कडेला खरोखर नसतेच. जगांत तांब्याभोंवतीं काळी रेघ कोणीं पाहिली आहे? तेथें एक गडद जागा आणि तिच्याशेजारीं एक फिकी जागा असते. दोहोंच्या सीमेला आपण रेघ म्हणतों. आधीं रेघेचें कुंपण घालावयाचें आणि मग आंत रंग भरावयाचा, या संवयीमुळें मुलांच्या चित्रांत वस्तु तेवढी रंगते आणि मागची भूमि पांढरीच राहाते. या दोन्हीं दोषांवर उत्तम उपाय म्हणजे कात्री आणि खळ. शाळेंत ज्याला चिकटकाम म्हणतात आणि चित्रकार ज्याला कोलाज म्हणतात, तें हेंच.

कोलाज हा शब्द चिकटविणें या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून निघाला. १९१२ सालीं पॅरिसमध्यें पिकासो यानें खुर्चीच्या वेताच्या विणीचा छाप असलेला मेणकापडाचा तुकडा आपल्या चित्रांत चिकटविला, आणि त्याच वर्षीं त्याचा मित्र ब्राक यानें लांकडाच्या रेषा छापलेल्या भिंतीच्या कागदाच्या पट्ट्या कोळशाच्या रेखाटनावर लावल्या. तेव्हांपासून आधुनिक चित्रकलेंत या प्रकाराला स्थान मिळालें. परंतु कागद कापून चित्र करणें त्याहून जुनें आहे. इंग्लंडांत मेरी डिलेनी नांवाच्या एका बाईनें वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, म्हणजे १७७२ च्या सुमारास, रंगीत कागदाच्या बारीक कातरणांनीं फुलांचीं चित्रें करण्यास आरंभ केला, आणि दृष्टि मंद होईपर्यंतच्या दहा वर्षांत जवळजवळ एक हजार चित्रें पुरीं केलीं. काळ्या भूमीवर केलेलीं तीं फुलें इतकीं अचूक आहेत कीं वनस्पतिशास्त्रज्ञांनींही तीं वाखाणलीं. तीं आज ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. बहात्तराव्या वर्षीं जें आरंभितां येतें, तें बाराव्या वर्षीं येणार नाहीं असें कोण म्हणेल?

आणि आपल्याकडे? आजीची गोधडी हें कोलाज नव्हे तर काय? फाटक्या लुगड्याचा कांठ, आजोबांच्या सदर्‍याचा तुकडा, भावाच्या चड्डीचें कापड, यांची रंगसंगति तिनें कोणत्या पुस्तकांतून शिकली होती? गडद तुकड्याशेजारीं फिका तुकडा यावा, एकच लाल चहूंकडे थोडथोडा फिरावा, हें ती अंगणांत तुकडे पसरून, उभी राहून, डोळे बारीक करून ठरवीत असे. दिवाळीच्या आकाशकंदिलाला पतंगाचा कागद लावतांना मुलेंही तेंच करतात. हिरव्यावर पिवळा चढला म्हणजे दिव्याच्या उजेडांत तिसराच रंग होतो, ही गोष्ट त्यांना रंगचक्राच्या तक्त्यापूर्वीं कंदिलानें शिकविलेली असते.

वर्गांत आरंभ मात्र रंगीत घोटीव कागदानें करूं नये. जुन्या वर्तमानपत्रानें करावा. त्याचें कारण केवळ काटकसर नव्हे. रंग समोर असला कीं मूल रंगाला भुलतें आणि उजेड-अंधार पाहावयास विसरतें. वर्तमानपत्राचें पान हातभर अंतरावर धरून डोळे किलकिले करावे. अक्षरें नाहींशीं होतात आणि केवळ छटा उरतात : ठळक मथळ्यांची काळी, बारीक मजकुराची करडी, विरळ छापलेल्या जाहिरातीची फिकट, आणि समासाची पांढरी. या चार छटांचे तुकडे फाडून मुलांनीं चार ढीग करावे. हा पहिला पाठ. यांत चित्र कांहींच निघत नाहीं, तरी अर्ध्या तासांत डोळ्याला जें वळण लागतें तें अन्यथा लागत नाहीं.

फाडण्यांतही शास्त्र आहे. वर्तमानपत्र एका दिशेनें सरळ फाटतें, दुसर्‍या दिशेनें वेडेंवांकडें. कारखान्यांत कागद तयार होतांना त्यांतील तंतु यंत्राच्या चालीच्या दिशेनें पडतात, हें त्याचें कारण. इमारती, खांब, रूळ यांना सरळ फाटणारी दिशा घ्यावी. झाडें, ढग, डोंगर यांना आडवी. मासिकाचा गुळगुळीत रंगीत कागद फाडला तर एका तुकड्याच्या कडेला पांढरी झालर येते आणि दुसर्‍याची कड स्वच्छ राहाते. कोणता तुकडा आपणाकडे ओढला आणि कोणता दूर लोटला, यावर तें अवलंबून असतें. लाटेचा फेंस काढावयाचा असेल तर ती झालर मुद्दाम ठेवावी. कात्री चालवितांना वळणावर कात्री फिरवूं नये. ती स्थिर ठेवून डाव्या हातानें कागद फिरवावा. कात्री बोथट टोंकाची असावी, हें वेगळें सांगावयास नको.

दुसर्‍या पाठास एक खरी जागा घ्यावी. ठाण्याच्या मुलांना मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, सोयीची. मुलांनीं तेथें जाऊन पेन्सिलीनें केवळ चार-पांच मोठे आकार टिपून आणावे : आकाश, पलीकडच्या इमारती, झाडें, पाणी, अलीकडचा कठडा. घरीं येऊन आधीं सर्वांत दूरचें लावावें आणि शेवटीं सर्वांत जवळचें. इमारतींवर झाडें थोडीं चढलीं पाहिजेत, झाडांच्या बुंध्यांवर कठडा चढला पाहिजे. एक तुकडा दुसर्‍याला झांकतो म्हणूनच तो पुढें आहे असें डोळ्याला वाटतें. दूरच्या गोष्टींना फिकट छटा द्याव्या, जवळच्यांना गडद. पाण्याला निराळा कागद शोधूं नये. वर जें आहे त्याच छटा पाण्यांत उलट्या येतात. फक्त त्या आडव्या चिंचोळ्या पट्ट्यांनीं, मध्यें थोडी फट ठेवून लावाव्या, म्हणजे पाणी हललेलें दिसतें.

चिकटविण्याची घाई करूं नये, हें या पाठाचें मर्म. सर्व तुकडे आधीं कोरडेच मांडावे, सरकवावे, उचलून पाहावे. पेन्सिलीची चूक खोडावी लागते आणि खोडल्याची खूण राहाते. कागदाचा तुकडा नुसता हलवितां येतो. "मला येत नाहीं" म्हणणारें मूल येथें प्रथमच निर्धास्त होतें. त्याला रेघ ओढावयाची नसते, निवडावयाचें असतें. वर्गांत ज्याची रेघ सर्वांत चांगली, त्याचेंच चिकटचित्र सर्वांत चांगलें येतें असें नाहीं. हा अनुभव दोघांनाही हितकारक असतो.

खळीची कृति अशी. एक वाटी पाण्यास दोन लहान चमचे मैदा घ्यावा, थोड्या गार पाण्यांत तो गुठळ्या मोडून कालवावा, मग उरलेलें पाणी घालून मंद आंचेवर ढवळीत राहावें. खळ पारदर्शक दिसूं लागली कीं उतरावी. बांधणीवाले तींत कीड लागूं नये म्हणून मोरचूद घालीत. तें विष आहे, मुलांच्या खळींत घालूं नये. रोज ताजी करावी, एवढाच उपाय. बाजारांतील तयार डिंक चालतो, पण तो जाड लावण्याचा मोह होतो. खळ तुकड्याच्या पाठीला, मधून कडांकडे, पातळ लावावी आणि वर कोरा कागद ठेवून फडक्यानें दाबावें. ओला कागद फुगतो आणि वाळतांना आखडतो, म्हणून पातळ कागदावर केलेलें चित्र पापडासारखें वळतें. खालीं जाड पुठ्ठा घ्यावा, आणि चित्र रात्रभर जाड पुस्तकांच्या ओझ्याखालीं ठेवावें.

तिसर्‍या पाठास पुनः तोच तांब्या आणावा आणि तो केवळ तीन छटांत, एकही रेघ न ओढतां, कापून लावावयास सांगावें. एक तुकडा उजेडाचा, एक मधला, एक अंधाराचा. आणि मागच्या भूमीचा एक तुकडा आधींच ठरविलेला. ज्या मुलांनीं पहिल्या दिवशीं बूड सरळ कापलें होतें, त्यांच्या कात्र्या आतां बुडाशीं वळतात. यानंतर पेन्सिल पुनः हातीं द्यावी. रेघेला कुंपणाचें रूप राहिलेलें नसतें.

येथें पालक विचारतील, कीं याचा परीक्षेला उपयोग काय? महाराष्ट्र राज्याचें कला संचालनालय १९६५ सालीं स्थापन झालें. तें ज्या शासकीय रेखाकला परीक्षा घेत आलें आहे, त्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या नांवांनीं घरोघरीं ठाऊक आहेत. त्यांत वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिति व अक्षरलेखन असे भाग असतात. स्थिरचित्राला तांब्याचा पाठ सरळच उपयोगी आहे, आणि संकल्पचित्राला कातरणांचा. कारण संकल्पचित्र म्हणजे आकार व मोकळी जागा यांची वांटणी. अधिक बोलावयाचें तें स्मरणचित्राविषयीं. कित्येक ठिकाणीं मुलांकडून बाजार, बाग, स्टेशन अशीं पांच-सहा चित्रें घोटून घेतात, आणि परीक्षेंत त्यांतलें एक उतरून काढतात. हें स्मरण खरें; पण तें पाहिलेल्या दृश्याचें नव्हे, मास्तरांच्या चित्राचें! मग डोंबिवलीच्या पुलावरून रोज संध्याकाळीं घरीं परतणारी गर्दी पाहाणारा मुलगा स्टेशन काढतो तेव्हां त्यांत लाल डगल्याचा एकुलता एक हमाल आणि पेटीवर बसलेलें एक कुटुंब असतें. खरा सराव निराळा आहे. फलाटावर दोन मिनिटें एकाच माणसाकडे पाहावें, डब्याची पिशवी कोणत्या खांद्यावर आहे, भार कोणत्या पायावर आहे तें मनांत धरावें, आणि गाडींत बसल्यावर तिकिटाएवढ्या कागदावर तें उतरावें. दुसर्‍या दिवशीं पुनः पाहावें. महिन्याभरांत चित्रांतलीं माणसें उभीं राहूं लागतात.

नक्कल करण्याची ही संवय कोठून आली, तेंही सांगितलें पाहिजे. मुंबईचें सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालीं सुरू झालें. तेथें इंग्लंडांतील साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर, छापील नमुने आणि प्लास्टरचे ओतीव नक्षीकाम समोर ठेवून शिकविण्याची प्रथा आली. त्या शिस्तीनें हात सफाईदार झाले, हें नाकारतां येत नाहीं. मात्र शिस्त मूळची कारागीर घडविण्यासाठीं होती. ती शाळेंत झिरपली तेव्हां तिच्यांतलें निरीक्षण गळालें आणि नक्कल तेवढी उरली. याच्या उलट दिशेचा प्रयोगही महाराष्ट्रांत झाला आहे. शांतिनिकेतनांत शिकलेले देवी प्रसाद हे १९४४ सालीं वर्ध्याजवळ सेवाग्रामास आले आणि १९६२ पर्यंत तेथें राहिले. नयी तालीमच्या मुलांना चित्रकला शिकवितांना त्यांनीं तिला सूत, माती, शेत यांच्या कामाशेजारीं बसविलें, आणि त्या अनुभवावर हिंदींत ग्रंथ लिहिला. तेथें चित्रकला हा शेवटचा तास नव्हता.

जुन्या ठाणें जिल्ह्याच्या मुलांना तर याहून जवळचें उदाहरण आहे. डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्ह्यांत गेले. त्यापूर्वीं ते ठाण्याचेच होते. तेथील वारली स्त्रिया लग्नप्रसंगीं गेरूनें सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. त्या चित्रांतील मनुष्य म्हणजे टोंकाशीं जोडलेले दोन त्रिकोण. शहरांतील मुलें हा त्रिकोण एका तासांत शिकतात, पाऊचवर, पेल्यावर, भेटकार्डावर काढतात आणि वारली चित्रकला आली असें समजतात. पण गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८), ज्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांतले त्रिकोण निरखून पाहावे. भाताची लावणी करणार्‍या बाईचा वरचा त्रिकोण किती वांकला आहे, तारप्याच्या नाचांत एकाचा हात दुसर्‍याच्या कमरेपर्यंत कसा पोंचतो, आणि त्यांच्या मासेमारीच्या चित्रांत जाळें साऱ्या कागदावर कसें पसरतें! आकृति साधी असली तरी प्रत्येक वांक पाहिलेला आहे. मुलांनीं वारली मनुष्य अवश्य काढावा. मात्र आधीं घरांत केर काढणार्‍या, वांकून पाणी भरणार्‍या माणसाची पाठ किती अंशांत वांकते तें पाहून. गेरूच्या रंगाच्या कागदावर पांढरे त्रिकोण कापून ते सरकवून पाहिले, तर एकाच आकृतीला बसवितां, धांववितां, नाचवितां येतें. हा पाठ चिकटकामासाठीं फारच चांगला आहे.

कल्याणचे म्हणून आणखी एक नांव घेतलें पाहिजे. मूर्तिकार सदाशिव साठे १९२६ सालीं कल्याणांत जन्मले. दिल्लीच्या टाउन हॉलजवळचा गांधीजींचा पुतळा आणि १९६१ सालीं मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियासमोर उभा राहिलेला शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा हीं त्यांचीं कामें. २०२१ सालीं ते निवर्तले. डोंबिवलींत त्यांचें शिल्पालय आहे. पालकांनीं एखाद्या रविवारीं मुलांना तेथें न्यावें आणि पुतळ्याभोंवतीं एक फेरी घालावयास लावावी. एकच नाक समोरून व बाजूनें किती निराळें असतें, हें तेथें न सांगतां कळतें.

राहिला प्रश्न घरचा. मूल चित्र घेऊन आलें कीं "हें काय आहे?" असें विचारूं नये, त्या प्रश्नांत तें ओळखूं येत नाहीं असा निकाल असतो. "यांतला कोणता तुकडा आधीं लावलास? हा करडा कोठें सांपडला?" असें विचारावें, म्हणजे तें अर्धा तास बोलतें. घरीं एक खोकें ठेवावें आणि त्यांत जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरचीं पानें, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, शिंप्याकडच्या चिंध्या, मिठाईच्या डब्याचा चंदेरी कागद साठवीत जावें. बाजारांतील महागड्या साहित्यापेक्षां या खोक्यांत अधिक छटा निघतात. चिकटचित्रें पावसाळ्यांत मात्र जपावीं लागतात. आपल्याकडच्या दमट हवेंत खळीला बुरशी येते आणि कसर लागते, म्हणून तीं भिंतीला टेकवून न ठेवतां उंच फडताळांत आडवीं ठेवावीं, मध्यें कडुलिंबाचा सुकलेला पाला घालावा, आणि ऊन पडलें कीं तासभर बाहेर काढावीं.